घरच्या रेकॉर्डिंगसाठी मिडी कीबोर्ड : घेण्यापूर्वी काय पाहावे?

जानेवारी उजाडला की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "१४ एप्रिलसाठी नवीन गाणं करतोय, कीबोर्ड कोणता घेऊ?" विचारणारा कधी गायन पार्टीत पेटी वाजवणारा असतो, कधी कॉलेजात शिकणारा मुलगा, कधी आपल्या खोलीत बसून रॅप लिहिणारी मुलगी. प्रत्येकाला आम्ही फोनवर वेगवेगळे सांगत आलो. आता सगळे एकाच ठिकाणी लिहून ठेवत आहोत, म्हणजे दुकानात जाण्यापूर्वी कुणालाही वाचता येईल.

हे लिहिण्यामागे आमची स्वतःची एक चूकही आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या गटाने वर्गणीच्या पैशातून ६१ पट्ट्यांचा, भरपूर बटणे असलेला कंट्रोलर आणला. घरी येऊन वायर लावली, पट्टी दाबली, तर आवाजच नाही. दुकानात परत जायची तयारी झाली होती. मग कळले की या यंत्रात स्वतःचा आवाज नसतोच. लॅपटॉपला जोडल्यावर आवाज आला, पण पट्टी दाबल्यानंतर क्षणभर उशिरा. तोपर्यंत सगळे पैसे संपले होते आणि माईक घ्यायचाच राहिला होता. शेवटी गायिकेचा आवाज मोबाईलवर, अंगावर गोधडी घेऊन रेकॉर्ड केला. गाणे झाले, लोकांनी ऐकलेही, पण वाद्ये स्वच्छ आणि शब्द दबलेले अशी त्याची गत झाली. आपल्या गाण्यात शब्दच दबले तर उरते काय?

मिडी म्हणजे नेमके काय

मिडी हा आवाज नव्हे. मिडी म्हणजे वाद्याने संगणकाला दिलेली सूचना. कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली, एवढेच त्यातून जाते. त्या सूचनेवरून बासरी वाजवायची, सनई की पेटी, हे संगणकातील सॉफ्टवेअर ठरवते. म्हणून मिडी कीबोर्ड एकट्याने वाजत नाही. त्याला लॅपटॉप किंवा मोबाईल लागतोच.

ही पद्धत १९८३ साली आली. त्यापूर्वी एका कंपनीचे वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी सहसा बोलू शकत नसे. रोलंड कंपनीचे इकुतारो काकेहाशी आणि सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांनी पुढाकार घेऊन सर्वांसाठी एकच भाषा ठरवली. त्यावर कुणाची मालकी ठेवली नाही, वापरासाठी पैसे लावले नाहीत. २०१३ साली दोघांना या कामासाठी टेक्निकल ग्रॅमी सन्मान मिळाला. ती भाषा खुली राहिली म्हणूनच आज वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा कीबोर्ड नव्या लॅपटॉपला जोडता येतो. २०२० साली मिडीची दुसरी आवृत्ती जाहीर झाली, पण जुनी उपकरणे त्यामुळे बाद झाली नाहीत. केवळ "मिडी २.०" असे लिहिले आहे म्हणून जास्त पैसे मोजण्याची घरच्या कामासाठी गरज नाही.

मिडीचा आपल्याला सर्वांत मोठा फायदा स्केलचा आहे. गाणे पांढरी चारमध्ये बसवले, आणि आयत्या वेळी गायिका म्हणाली, मला काळी पाच हवी. रेकॉर्ड केलेला आवाज वरखाली केला की तो बिघडतो. मिडीमध्ये फक्त सूचना असल्यामुळे सगळे स्वर एका क्लिकवर हवे तितके वर सरकतात आणि वाद्याचा पोत फारसा बिघडत नाही. चुकलेला एखादा स्वर सुद्धा माऊसने उचलून जागेवर ठेवता येतो. पूर्ण कडवे पुन्हा वाजवावे लागत नाही.

आधी घरातले वाद्य तपासा

नवीन घेण्यापूर्वी कपाटावर ठेवलेला जुना कीबोर्ड खाली काढा. अनेक घरांत, विहारात किंवा मंडळाच्या खोलीत कॅसिओ, यामाहा किंवा रोलंडचा कीबोर्ड धूळ खात असतो. त्याच्या मागच्या बाजूला चौकोनी यूएसबी खाच आणि शेजारी "यूएसबी टू होस्ट" असे लिहिलेले दिसले, तर तोच तुमचा मिडी कीबोर्ड आहे. प्रिंटरला लागते तशी वायर घ्या आणि लॅपटॉपला जोडा. यूएसबी नसेल, पण पाच छिद्रांची गोल "मिडी आउट" खाच असेल, तर मिडी-टू-यूएसबी वायर मिळते. ही वायर अगदी स्वस्तातली घेऊ नका. त्यातून स्वर अडकतात किंवा गळतात.

बेंजो पार्टीतल्या ऑक्टापॅडलाही हेच लागू आहे. रोलंडच्या ऑक्टापॅडला मिडी आउट असते. घरात ऑक्टापॅड असेल तर तालासाठी वेगळे पॅड विकत घेण्याचे कारणच नाही.

जुन्या कीबोर्डचे हे काम जमले तर वाचलेले पैसे माईक आणि हेडफोनसाठी वापरा.

पट्ट्या किती हव्यात

बाजारात २५, ३७, ४९, ६१ आणि ८८ पट्ट्यांचे कंट्रोलर मिळतात. २५ म्हणजे दोन सप्तके, ३७ म्हणजे तीन, ४९ म्हणजे चार आणि ६१ म्हणजे पाच. ८८ हा पूर्ण पियानो.

आपली पेटी साधारण तीन ते साडेतीन सप्तकांची असते. गाण्याची चाल, मुखडा, मधले म्युझिक तेवढ्यात बसते. त्यामुळे पेटीवर हात बसलेल्या माणसाला ४९ पट्ट्या पुरेपूर होतात. डाव्या हाताने कॉर्ड धरून उजव्या हाताने चाल वाजवायची सवय असेल तर ६१ बरे. ८८ पट्ट्यांचा कंट्रोलर पियानो शिकलेल्यांसाठी आहे. दहा बाय दहाच्या खोलीत तो ठेवायचा कुठे, हा प्रश्न आधी सोडवा.

२५ पट्ट्यांच्या यंत्रावर सप्तक वरखाली करण्याची बटणे असतात. एका वेळी एकच वाद्य, एका हाताने वाजवून थरावर थर चढवायचे असतील तर ते चालते. बीट बनवणारे बहुतेक जण यावरच काम करतात. पण तार सप्तकात जाणारी चाल वाजवताना मध्येच बटण दाबावे लागते आणि लय तुटते.

पट्टीचा आकार आणि वजन

संख्येपेक्षा हा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि नेमका याकडेच दुर्लक्ष होते. लहान कंट्रोलरवर बऱ्याचदा "मिनी" पट्ट्या असतात, म्हणजे नेहमीपेक्षा अरुंद आणि आखूड. लहानपणापासून पेटी वाजवणाऱ्याची बोटे त्यावर एकमेकांत अडकतात. फोटोत हा फरक कळत नाही. शक्य असेल तर दुकानात बोटे ठेवून पाहा. ऑनलाइन घेत असाल तर वर्णनात "फुल साइज" लिहिले आहे का ते वाचा.

पट्ट्यांच्या वजनाचे तीन प्रकार आहेत. सिंथ अ‍ॅक्शन म्हणजे हलक्या, स्प्रिंगवर उसळणाऱ्या पट्ट्या. सेमी-वेटेड म्हणजे थोड्या जड. हॅमर अ‍ॅक्शन म्हणजे पियानोसारख्या जड. पेटीचा हात असणाऱ्याला सिंथ अ‍ॅक्शन सर्वांत जवळचा वाटतो आणि तोच स्वस्तही असतो. येथे जास्त पैसे घालवण्याचे कारण नाही.

पट्टी किती जोरात दाबली हे मोजण्याला व्हेलॉसिटी म्हणतात. त्याचा आकडा १२७ पर्यंत जातो. आज मिळणाऱ्या जवळपास सर्व कंट्रोलरमध्ये ही सोय असते. मात्र पेटीला जोराचा फरक पडत नाही, तिचा लहानमोठेपणा भात्यावर असतो. म्हणून पेटीचा आवाज वाजवताना व्हेलॉसिटी एकसारखी ठेवा आणि भात्याचे काम "एक्स्प्रेशन" या सूचनेकडे द्या. ही ११ क्रमांकाची सूचना आहे. कंट्रोलरवरील एखादी सरकपट्टी किंवा फिरते चाक तिला जोडता येते. डाव्या हाताने ते हलकेच पुढेमागे केले की पेटी श्वास घेतल्यासारखी वाजते. असे करण्यासाठी कंट्रोलरवर निदान एक मोकळे चाक किंवा सरकपट्टी हवी.

मींड, चाक आणि पायपट्टी

बासरी, सनई, सारंगी यांचे आवाज कीबोर्डवर खोटे वाटतात, कारण आपले स्वर एकमेकांना धरून सरकतात आणि कीबोर्डचे स्वर तुटक असतात. हे सरकणे पिच बेंडच्या चाकाने साधते. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये हे चाक पूर्ण फिरवल्यावर स्वर दोन पट्ट्या, म्हणजे काळ्या-पांढऱ्या धरून दोन घरे, वर किंवा खाली जातो. हे अंतर वाढवता येते, पण सुरुवातीला दोनच ठेवा. हात बसायला सोपे जाते.

काही लहान कंट्रोलरवर चाकाऐवजी छोटी जॉयस्टिक असते, तर काहींवर बोट सरकवायची पट्टी. मींड घेण्यासाठी आमच्या हाताला चाकच सर्वांत सोयीचे वाटले. जॉयस्टिकवर स्वर कुठे थांबवायचा ते सापडत नाही. सनई किंवा बासरीचे तुकडे वाजवायचे असतील तर चाक असलेलाच कंट्रोलर पाहा.

सस्टेन पेडल घ्यायचे असेल तर मागे त्याची खाच आहे का ते तपासा. पेडल उलटे चालत असेल, म्हणजे दाबल्यावर आवाज थांबत असेल आणि सोडल्यावर लांबत असेल, तर घाबरू नका. कीबोर्ड बंद करा, पेडलवर पाय न ठेवता पुन्हा चालू करा. बरेच कीबोर्ड चालू होताना पेडलची दिशा ओळखतात.

पॅड आणि ताल

रबरी पॅड हे तालासाठी असतात. आठ किंवा सोळा पॅडचे कंट्रोलर मिळतात. हिप-हॉपची बीट बसवायला आठ पुरतात. ढोलकीच्या बाबतीत मात्र स्पष्टच सांगतो : ढोलकीची थाप आणि घिसणी पॅडवर येत नाही. पॅडवर केरवा वाजेल, पण लग्गी निर्जीव होईल. वस्तीत ढोलकी वाजवणारा असेल तर त्याला बोलवा, माईकसमोर बसवा आणि मिडीचा ताल फक्त आधाराला ठेवा. गाण्यालाही बरे आणि त्या कलाकारालाही चार पैसे मिळतील.

पॅडवर वाजवलेला ताल सॉफ्टवेअर आपोआप सरळ करून देते. याला क्वांटाइझ म्हणतात. ते पूर्ण शंभर टक्के लावले की ताल घड्याळासारखा होतो. निम्म्याच्या आसपास लावून ऐका. दादरा बसवताना सॉफ्टवेअरची चौकट सहा मात्रांची करून घ्या. चारच्या चौकटीत दादरा बसवला तर सॉफ्टवेअर प्रत्येक ठोका चुकीच्या जागी ओढते.

उशिरा येणारा आवाज

आमच्या पहिल्या फजितीतला दुसरा भाग हा होता. पट्टी दाबणे आणि आवाज येणे यांतील वेळेला लेटन्सी म्हणतात. दोष बहुधा कीबोर्डचा नसतो, लॅपटॉपच्या मांडणीचा असतो. संगणक आवाजाचे छोटे छोटे गठ्ठे करून बाहेर सोडतो. गठ्ठा मोठा, तर उशीर मोठा. सेकंदाला ४४,१०० नमुने या नेहमीच्या गतीला १२८ नमुन्यांचा गठ्ठा सुमारे ३ मिलिसेकंदांचा होतो, २५६ चा सुमारे ६, ५१२ चा सुमारे १२ आणि १०२४ चा सुमारे २३. प्रत्यक्षात ड्रायव्हरचा उशीर यावर आणखी चढतो. वाजवताना १२८ किंवा २५६ ठेवा. शेवटी मिक्सिंग करताना १०२४ केले तरी चालते, त्याने संगणकावरचा ताण कमी होतो.

विंडोज लॅपटॉपवर साध्या ड्रायव्हरने काम होत नाही. ऑडिओ इंटरफेस असेल तर त्याच्यासोबतचा आसिओ ड्रायव्हर टाका. इंटरफेस नसेल तर "आसिओ फोर ऑल" हा मोफत ड्रायव्हर मिळतो. मॅकवर ही डोकेदुखी नाही.

आणि ब्लूटूथ हेडफोन काढून ठेवा. त्यातून येणारा उशीर कानाला सहज जाणवतो आणि कोणतीही मांडणी बदलून तो जात नाही. वाजवताना वायरचेच हेडफोन वापरा.

लॅपटॉप नसेल तर

मोबाईलवरही काम होते. अँड्रॉइडमध्ये सहाव्या आवृत्तीपासून मिडीची सोय आहे. ओटीजी जोड लावून कीबोर्ड थेट जोडता येतो. आयफोनला जुन्या मॉडेलमध्ये वेगळा यूएसबी जोड लागतो. आयफोन १५ पासून टाइप-सी आहे. आयफोनवर गॅरेजबँड मोफत आहे, तर एफएल स्टुडिओ मोबाईल दोन्हींवर विकत मिळते.

येथे दोन अडचणी येतात. एक, कीबोर्ड मोबाईलमधूनच वीज घेतो. मोठा, दिवे लुकलुकणारा कंट्रोलर असेल तर मोबाईल त्याला ओळखतच नाही. मग वेगळी वीज घेणारा यूएसबी हब लावावा लागतो. म्हणून मोबाईलसाठी लहान आणि साधा कंट्रोलर बरा. दोन, अँड्रॉइडवर उशीर प्रत्येक मोबाईलचा वेगळा असतो. विकत घेण्यापूर्वी मित्राचा कीबोर्ड आपल्या मोबाईलला लावून पाहा.

कोणताही कंट्रोलर घेताना "क्लास कम्प्लायंट" हे शब्द शोधा. याचा अर्थ वेगळा ड्रायव्हर न टाकता तो चालतो. मोबाईलसाठी ही अट सोडू नका.

कोणी कोणता घ्यावा

जाहिरातीपेक्षा स्वतःचे काम पाहून निवडा. आमच्या अनुभवावरून चार गट करतो.

१) पेटी वाजवणारे, चाली बांधणारे : ४९ पट्ट्या, पूर्ण आकार, दोन चाके, बाकी काही नसले तरी चालेल. एम-ऑडिओचा कीस्टेशन ४९ हा या प्रकारातला सरळ नमुना आहे. त्यावर पॅड नाहीत, आणि या कामाला ते लागतही नाहीत.

२) रॅप करणारे, बीट बनवणारे : २५ मिनी पट्ट्या आणि ८ पॅड. अकाईचा एमपीके मिनी आणि अर्टुरियाचा मिनीलॅब ३ हे दोन्ही याच घडणीचे. एमपीके मिनीच्या काही मॉडेलांवर जॉयस्टिक आहे, मिनीलॅबवर बोट सरकवायच्या पट्ट्या आणि चार सरकपट्ट्या. दोन्ही पाठीवरच्या बॅगेत बसतात.

३) मंडळ, विहार किंवा गटाची सामाईक खोली : ४९ किंवा ६१ पट्ट्या, पूर्ण आकार, सोबत पॅड आणि सरकपट्ट्या. नोव्हेशनचा लाँचकी ४९ या वर्गात येतो. अनेक हात लागणार असल्याने मजबुती आणि हमीपत्र आधी पाहा, दिवे नंतर.

४) अजून नक्की नाही असे : नवीन घेऊच नका. महिनाभर घरातला किंवा मागून आणलेला कीबोर्ड जोडून काम करा. सॉफ्टवेअरमध्ये संगणकाच्या अक्षरांच्या बटणांवरही स्वर वाजवता येतात. महिन्यानंतर तुम्हाला काय कमी पडते ते तुम्हालाच कळेल.

किमती सतत बदलतात, तरी अंदाज म्हणून : लहान कंट्रोलर साधारण पाच ते दहा हजारांच्या आसपास आणि पॅडसह ४९ पट्ट्यांचे त्याच्या दुपटीपर्यंत जातात. सेकंडहँड याहून बरेच कमी.

पैशांची वाटणी

गाणे कीबोर्डवर होत नाही, गळ्यावर होते. म्हणून एकूण रक्कम हातात घेतल्यावर आधी माईक आणि ऑडिओ इंटरफेससाठी बाजूला काढा, मग वायरचे हेडफोन, आणि उरलेल्यात कंट्रोलर. आमच्या मते कंट्रोलरवर एक तृतीयांशाहून जास्त खर्च होऊ नये.

सॉफ्टवेअरसाठी वेगळे पैसे सहसा लागत नाहीत. बहुतेक कंट्रोलरसोबत एबलटन लाइव्ह लाइटसारखी एखादी छोटी आवृत्ती आणि काही आवाज मिळतात. एलएमएमएस हे पूर्ण मोफत आणि खुले सॉफ्टवेअर आहे. रीपर ६० दिवस वापरून पाहता येते आणि त्यानंतरचा परवानाही तुलनेने स्वस्त आहे. चोरीचे सॉफ्टवेअर टाकू नका. नैतिकतेचा मुद्दा आहेच, पण त्यासोबत येणारा व्हायरस लॅपटॉपमधील सगळी गाणी घेऊन जातो, हे आम्ही एका मित्राच्या घरी पाहिले आहे.

सेकंडहँड घेताना

लॅपटॉप किंवा मोबाईल सोबत न्या. विकणाऱ्याच्या घरी किंवा दुकानात जागेवरच जोडा आणि पुढील गोष्टी तपासा.

• प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात अशी दोनदा दाबा. एखादी पट्टी नेहमीच जोरात वाजत असेल तर तिचा खालचा संपर्क झिजला आहे.
• पिच बेंडचे चाक सोडल्यावर स्वर मूळ जागी येतो का? थोडाही वर राहिला तर सगळे गाणे बेसूर होईल.
• यूएसबीची खाच हलवून पाहा. जोड तुटत असेल तर घेऊ नका.
• प्रत्येक पॅड चारही कोपऱ्यांवर दाबा.
• सॉफ्टवेअरचा कोड वापरला गेला आहे का ते विचारा. तो साधारणपणे एकदाच नोंदवता येतो, त्यामुळे जुन्या यंत्रासोबत सॉफ्टवेअर मिळेल असे गृहीत धरू नका.

नवीन घेताना पक्के जीएसटी बिल घ्या. बिलाशिवाय दोन हजार कमी सांगितले तरी नको. हमीसाठी बिल लागते आणि मंडळाच्या हिशेबालाही.

आवाज येत नसेल तर

दुकानदाराशी भांडण्यापूर्वी हे पाहा. वायर फक्त चार्जिंगची तर नाही? अशा वायरीतून माहिती जात नाही. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये कीबोर्डचे नाव निवडले आहे का? ट्रॅकवर एखादे वाद्य लावले आहे का आणि तो ट्रॅक रेकॉर्डसाठी चालू आहे का? सप्तकाचे बटण चुकून तीन-चार वेळा दाबले गेले नाही ना? तसे झाले तर स्वर इतका खाली किंवा वर जातो की काही वाद्यांत तो नसतोच. एखादा स्वर वाजतच राहिला तर सॉफ्टवेअरमधील "पॅनिक" बटण दाबा, सगळे थांबते.

ट्रॅक कुणाचा, गाणे कुणाचे

हा सगळा खटाटोप करण्यामागे एक कारण आहे. आपल्याकडे बरीच गाणी कुठूनतरी उतरवून घेतलेल्या ट्रॅकवर गायली जातात. मेहनतीने गाऊन इंटरनेटवर टाकलेल्या गाण्यावर दुसऱ्या दिवशी कंपनीचा दावा येतो, उत्पन्न तिकडे वळते किंवा गाणेच उतरवले जाते. स्वतःच्या चालीवर स्वतः बसवलेला ट्रॅक हा तुमचा असतो. त्यासाठी थोडा साधा वाजला तरी चालेल.

हा नियम उलटही लागू आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे कवी आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षे राहतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क त्याहून वेगळा असतो. वामनदादा कर्डक यांचे निधन २००४ साली झाले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरील हक्क २०६४ च्या अखेरपर्यंत आहे. शाहीर गेले म्हणून त्यांचे शब्द बेवारस होत नाहीत. जुने गाणे नव्याने करायचे असेल तर कुटुंबीयांची किंवा हक्क ज्याच्याकडे आहे त्याची लेखी परवानगी घ्या आणि गीतकाराचे नाव गाण्याखाली ठळक लिहा. निदान नाव तरी गाळू नका. आपल्या किती कवींची नावे अशीच गळून गेली आहेत.

शेवटचे एक काम कीबोर्ड येण्यापूर्वीच करता येईल. वस्तीत जुन्या चाली पाठ असलेली एखादी आजी, एखादे गायन पार्टीतले काका असतील. त्यांची चाल मिडीवर वाजवून ठेवली म्हणजे ती जतन झाली असे समजू नका. मिडीत स्वर उतरतात. त्यांचा आवाज, उच्चार आणि दोन ओळींमधला श्वास उतरत नाही. आधी मोबाईलवर त्यांना गाऊ द्या, पंखा बंद करून. नाव, गाव आणि गाणे कुणाकडून शिकले ते त्यांच्याच तोंडून सुरुवातीला बोलून घ्या. ती फाइल दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. त्यानंतर त्या चालीवर हवे तितके थर चढवा.

तुम्ही काय घेतले, काय अडले, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या जानेवारीत हाच प्रश्न विचारणाऱ्यांना तुमचे उत्तरही सांगता येईल.